गिनींचा पिंजरा आणि नाव ठेवण्याची गोष्ट

आमच्याकडे गिनीपिगची जोडी आली तेव्हा पिंजरा नवऱ्याने आणला. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमधली शिफ्ट संपवून येताना धामणकर नाक्याच्या दुकानातून हौसेने घेतला होता. गुलाबी रंग, वर कडी, तळाला तारांची जाळी आणि खाली सरकता ट्रे. घाण आपोआप खाली पडते, बाईमाणसाला त्रास नाही, असं दुकानदाराने सांगितलं म्हणे. बाईमाणूस म्हणजे मी. दिसायला झकास होता, खोटं कशाला बोलू!

गिनीपिग हे नाव मात्र आमच्या मजल्यावर टिकलं नाही. शेजारच्या मुसलमान घरातल्या खालांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, खाली तळमजल्यावर चालतात. त्या पहिल्या दिवशी बघायला आल्या तेव्हा लेकीने नावातलं ‘पिग’ दारातच गिळलं आणि नुसतं ‘गिनी’ म्हणाली. खालांना सगळं कळलं, त्या हसल्या. गिनी तर सोन्याची असते, म्हणाल्या आणि घरून कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. तेव्हापासून सगळी बिल्डिंग गिनीच म्हणते.

एक पांढरी, एक तपकिरी. लेकीने त्यांना नावं ठेवली नव्हती. मी विचारलं तर म्हणायची, राहतात का ते आधी बघू दे. एवढ्याशा पोरीने असं धरून चालावं, हे मला लागलं होतं.

मग पांढरीचा मागचा पाय सुजला. तळवा लालबुंद. फ्रिजचं दार उघडलं की दोघी शिट्टी मारायच्या, त्यातली एकच ऐकू यायला लागली. कल्याणच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न पिंजऱ्याचा विचारला. यांचे तळवे आपल्यासारखे उघडे असतात, तारेवर उभं राहून सोलवटतात. सपाट, मऊ जमीन हवी, पळायला जागा हवी. मलम दिलं आणि म्हणाले, जाळी तशीच राहिली तर मलमाचा उपयोग नाही.

नाक्यावरची सगळी दुकानं पालथी घातली. सगळीकडे तीच जाळी, फक्त रंग वेगळे. नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण पिंजरा त्याने प्रेमाने आणलेला. शेवटी त्याने सांगून टाकलं, लेकीची दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत पाय बरा दिसला नाही तर दोघींना दुकानात परत देणार, दुकानदार घ्यायला तयार आहे. लेकीचं तोंड एवढंसं झालं. रडली असती तर परवडलं असतं. ती पांढरीला काकडी भरवत राहिली. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, पिंजरा मी करते.

निजामपुऱ्यातून जुना प्लाय आणला. शेअर रिक्षात तो आडवा धरून बसले, रिक्षावाला नाक्यापर्यंत कुरकुरत होता. कुरकुर म्हटलं. तळाला प्लाय, त्यावर रेक्झिन, चारही बाजूंना जाळी, बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंगठा ठेचला, जाळी दोनदा वाकडी बसली, दोनदा उपसली. नवरा दारात उभा राहून नावं ठेवायचा. हा पिंजरा आहे की भाजीची हातगाडी, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, पाय ठेवायला जागा आहे ना, बास.

अंथरायला खालांनी चिंधी दिली. लूमवर कापड विणताना कडेची सुताची झालर कापून पडते, ती. भिवंडीत चिंधीशिवाय पान हलत नाही. स्कूटर पुसायला चिंधी, उशीत भरायला चिंधी, दाराची फट बुजवायला चिंधी. मऊ गादी झाली. मला काही खटकलं नाही आणि खालांनाही नाही. चिंधीत जन्म गेलेल्या माणसांना चिंधीची भीती कशी वाटणार?

एका सकाळी पांढरी पाय ओढत चालली होती. त्याच दुखऱ्या पायाला सूत गुंडाळून गुंडाळून करकचून बसलं होतं. मी तिला छातीशी धरलं, खालांनी लूमवरची छोटी कातर आणून एकेक धागा कापला.  

नवरा मागून म्हणाला, "सांगत होतो. विकतचं ते विकतचं."

लेक माझ्याकडे बघत होती. मलाच बघत होती, पायाला नाही.

"सूत जाईल," मी म्हटलं. "पिंजरा राहील."

सुटा धागा नको ना, मग विणलेलं घेऊ. खालांनी लूमवरचं जाड कोरं कापड दिलं. मी मशीनवर बसले, चारही कडा दुहेरी दुमडून आत शिवल्या. खाला शेजारी बसून प्रत्येक कड नखाने ओढून बघत होत्या, कुठे धागा सुटतोय का. एक कड त्यांनी मला परत उसवायला लावली. रोज अंथरूण धुवायचं, वाळवायचं, पाय पुसायचा, मलम लावायचं. हट्टच होता तो, दुसरं काय! नवऱ्याचं नावं ठेवणं चालूच होतं, पण ड्युटीवर निघताना बाल्कनीत वाकून पाय बघून जायचा, हे मी हेरलं होतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी त्याने गुलाबी पिंजरा माळ्यावरून काढला आणि पुसायला घेतला. लेक स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून उभी राहिली. मी जाऊन फ्रिज उघडला. पांढरी बाल्कनीच्या त्या टोकाहून धावत आली, चारही पाय टेकत, आणि जाळीशी उभी राहून तिने सणसणीत शिट्टी मारली.

नवरा तिच्या पायाकडे बघत राहिला. मग टोपलीतले कांदे उचलून एकेक करून गुलाबी पिंजऱ्यात टाकायला लागला. जाळी आहे, हवा लागेल, म्हणाला.

लेकीने हळूच विचारलं, "आई, आता नाव ठेवू?"

 उत्तर नवऱ्यानेच दिलं.

"मी पिंजऱ्याला ठेवली तेवढी पुरे झाली. तू त्यांना ठेव."

तिने दोन्ही नावं एका दमात सांगितली. पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवली होती.