खंडेनवमीचं तेल

आवाज पहिल्यांदा ऐकला तो जयपूरच्या टोंक रोडवर. पन्नासच्या आसपास वेग होता. पुढे सिग्नल दिसला म्हणून मी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, आणि गाडीच्या मागून कुणीतरी दात दाबून कण्हावं तसा बारीक, ताणलेला सूर निघाला. काटा चाळिसावर आला तसा तो थांबला. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

गाडी जुनी आहे, उंच, जीपच्या घाटाची, मागच्या चाकांवर चालणारी. नवऱ्याने घेतलेली. तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होता. शेवटची बदली जयपूरला झाली, निवृत्तीनंतर आम्ही प्रताप नगरमध्ये हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं आणि साताऱ्याला परत जाणं दरवर्षी पुढे ढकलत राहिलो. तो जाऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. मुलगा बंगळूरला असतो. तो लहानाचा मोठा इथेच झाला, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मी हिंदी असते.

"आई, मतलब, समजून घे ना," त्याने मागच्या दिवाळीत सांगितलं होतं. "बुड्ढी गाडी आहे, आणि तू एकटी. एकदा जरी मोठा बिघाड निघाला तर विकून टाकायची. प्रॉमिस?"

मी हो म्हटलं होतं. शब्द दिला तो दिला. गाडी गेली असती तर शाळेत मी बसने गेले असते, त्यात काही अवघड नाही. प्रश्न रविवारचा होता. रविवारी सकाळी मी गाडी काढते आणि शहराबाहेर जाऊन येते. कुठे, ते ठरलेलं नसतं. एरवी सुट्टीच्या दिवशी दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नाही. गाडी गेली की ती रविवारची सकाळही जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून आवाजाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. मी शाळेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांच्या वह्यांमध्ये 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने असतात. तशीच एक वही केली आणि पुढच्या रविवारी निघाले.

सपाट, मोकळा रस्ता. काचा बंद, पंखा बंद. आधी खडबडीत डांबर, मग गुळगुळीत सिमेंट. आवाज बदलला नाही, म्हणजे टायर नव्हेत. गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवली. तरी बदलला नाही, म्हणजे चाकांचं बेअरिंग बहुधा नव्हे. पन्नासवर असताना गाडी न्यूट्रल केली. सूर राहिला, म्हणजे इंजिन नव्हे. पाय दाबला की कमी, सोडला की जास्त. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून मागे येते आणि दोन चाकांच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्यात वळून दोन्हीकडे वाटली जाते. तो गोळा म्हणजे डिफरन्शियल. संशय तिथेच जात होता.

पण खात्रीसाठी मागे बसून ऐकायला हवं, आणि चालवणारी मीच. शेजारणीला विचारता आलं असतं. ती म्हणाली असती, "भाभी, बेटे को बुला लो." मग मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन मागच्या सीटखाली टॉवेलात ठेवला आणि त्याच रस्त्याने पुन्हा गेले.

घरी येऊन स्वयंपाकघरात बसून ऐकलं. सूर अगदी स्वच्छ आला होता. त्याच्यावर माझाही आवाज होता. "पंचेचाळीस. पन्नास. आता सोडते." आणि थोड्या वेळाने, "ऐकू येतंय का हो?"

मी गाडीत बोलते हे मला माहीत नव्हतं. वहीत फक्त सुराची नोंद केली.

पुढच्या शनिवारी सोडाला भागातल्या मिस्त्रीकडे गेले. नवऱ्याची त्याच्याशी जुनी ओळख. दोघं सतत एकमेकांच्या चुका काढत आणि त्यावर चहा पीत. मिस्त्री आता साठीच्या पुढचा आहे, एका कानाने कमी ऐकतो. मी वही पुढे केली. त्याने चष्मा लावून सगळं पान वाचलं.

"भाभीजी, ये तो आपने पूरी जाँच कर दी. मैं किसलिए बैठा हूँ?"

"हात काले करने के लिए," मी म्हटलं.

तो हसला. "चलिए, आप पीछे बैठिए. मेरा तो एक ही कान बचा है."

इतक्या वर्षांत मी त्या गाडीत मागे कधी बसले नव्हते. आधी डावीकडे पुढे, नंतर स्टिअरिंगवर. मागे मुलगा असायचा, किंवा साताऱ्याहून आणलेली ज्वारीची पोती. मिस्त्रीने पाय सोडला आणि सूर माझ्या बुडाखालून आला. मी "इथेच" म्हणून ओरडले, मराठीतच. त्याला कळलं.

गॅरेजमध्ये गाडी वर घेतली. गोळ्याच्या पुढच्या तोंडावर काळा, जाड लेप साचला होता. सीलमधून झिरपलेलं तेल आणि त्यावर बसलेली इथली धूळ. म्हणून पोर्चमध्ये कधी थेंब पडला नाही. तेल भरायच्या भोकाचा बोल्ट मिस्त्रीने काढला आणि आत करंगळी वाकवून फिरवली. तेल भोकाच्या काठापर्यंत असायला हवं. करंगळी जवळजवळ कोरडी बाहेर आली.

"इसमें तेल कब डाला था?"

"हिची तर पूजा दरवर्षी होते," मी म्हटलं, आणि मग तेच हिंदीत सांगितलं.

"पूजा नहीं, तेल." त्याने हात पुसले. "फौजी साहब हर साल दशहरे से पहले दो डिब्बे ले जाते थे. कहते थे, कल गाड़ी की पूजा है. आप तो आईं ही नहीं, मैंने सोचा कहीं और से लेती होंगी."

तेव्हा मला डोळ्यांसमोर दिसलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं, अवजारं आणि गाडी यांची पूजा असते. त्या सकाळी नवरा जुनी चादर अंथरून गाडीखाली शिरायचा. मी स्वयंपाकघरात पुरण घोटत असायचे आणि खिडकीतून ओरडायचे, "अहो, आधी अंघोळ, मग गाडी! पूजेला असल्या काळ्या हातांनी बसणार का?" तो म्हणायचा, "पूजाच चाललीय." मला वाटायचं, पुसतोय.

तो गेला त्या वर्षी सण केले नाहीत. पुढची दोन वर्षं मी न चुकता पूजा केली. गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. जेवढं खिडकीतून दिसलं होतं तेवढं सगळं केलं.

मिस्त्रीने बेअरिंग आणि सील बदललं, ताजं तेल भरलं. "दाँत थोड़े घिस गए हैं," तो म्हणाला. "चलेगी बहुत. लेकिन आवाज़ पूरी नहीं जाएगी."

मुलाला त्याच संध्याकाळी फोन केला.

"बिघाड निघाला. मोठाच म्हणावा असा."

"अरे! मतलब, विकायची?"

"नाही. बिघाड गाडीचा नव्हता. मी तेल घातलं नाही."

"आई, ये चीटिंग आहे."

"असेल. पण गाडी राहतेय."

मग त्याने विचारलं, "बाबा घालायचे का ते?" मी हो म्हटलं. त्याने विकायचा विषय पुन्हा काढला नाही.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी मी जुनी चादर अंथरली आणि पाना घेऊन गाडीखाली गेले. बोल्ट घट्ट होता, दोन्ही हातांनी ओढावा लागला. बाहेरून शेजारीण ओरडली, "भाभी! गिर गईं क्या?"

"तेल देख रही हूँ!"

"किसी को बुला लेतीं!"

मी करंगळी आत घातली. तेल काठाला होतं. बोल्ट पुन्हा बसवला, तसेच हात चादरीला पुसले आणि थोडा वेळ तिथेच पडून राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणी काही बोललं नाही. पुरणाखालचा गॅस मी आधीच बंद करून आले होते. लक्ष ठेवायला कुणी नसलं की दोन कामं एका वेळी होत नाहीत.

मग उठले, अंघोळ केली आणि पूजेला बसले. नखांत काळं राहिलं होतं.