कुरखेड्याची शाळा लाईन आणि आमच्या गावाची खोली

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यात फिरायला जा असं कुठलंही पर्यटनाचं पुस्तक सांगत नाही. मला दादाने सांगितलं. मोठ्या भावाचा फोन म्हणजे मला बुकिंग, तिकीट आणि हुकूम एकाच वेळी.

"आई कुरखेड्याहून हलून नाई राह्यली," दादा म्हणाला. "माह्या पोट्टीचे बारावीचे पेपर झाले, पोट्टी घरी बी आली. आता खोलीत कोणीच नाई, अन् ही एकटीच बसली हाये. घरी चाल म्हटलं त मलेच बोलते. तू जा, अन् तिले घेऊन ये."

"मीच काऊन?"

"तुले तसंबी एका जागी बसवत नाई."

हे मात्र खरं आहे. मी हैदराबादला लिफ्टा बसवल्या, तिरुपूरला बनियनी मोजल्या आणि चाकणला नुसताच राहिलो. सध्या गुजरातेत मोरबीला टाईलच्या भट्टीवर आहे. त्यामुळे विदर्भातला मे मला हिल स्टेशनसारखा वाटतो. ठेकेदाराला चार दिवसांची सुट्टी मागितली आणि निघालो.

खोलीचा मामला आधी सांगतो. आमचं गाव कोरचीच्या बाजूला जंगलात आहे आणि गावातली शाळा सातवीला संपते. पुढे शिकायचं असेल तर कुरखेड्याच्या शाळा लाईनीत भाड्याने खोली. गावातली पोरं त्या खोलीत राहतात आणि एक बाई त्यांना रांधून घालायला सोबत राहते. गेली कित्येक वर्षं ती बाई म्हणजे माझी आई. ती स्वतः शाळेत कधी गेली नाही, पण शाळेच्या इतक्या जवळ इतकी वर्षं आमच्या घरातलं दुसरं कोणी राहिलेलं नाही. मी तर आठवीतच निघालो होतो.

आता रस्ता. अहमदाबादहून रेल्वेने नागपूर. जनरलच्या डब्यात बसायला जागा मिळत नाही, पण सगळ्यांच्या घरची माहिती मिळते. नागपूरला स्टँडबाहेर तर्री-पोहे खा. तर्री जास्त मागू नका, पुढे पाच तास एसटीत बसायचं आहे. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. नागभीडला गाडी थांबते तिथे आलूबोंडा रस्सा मिळतो आणि तो गाडी सुटायच्या बरोबर आधी ताटलीत येतो. बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बाया बसलेल्या असतात आणि पूर्ण तिकीटवाले उभे. डोक्याला दुपट्टा बांधा. स्टाईल नंतर मारा.

वडशाच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो. नदी मे महिन्यात सुट्टीवर असते. तिच्या रेतीत लोक डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे, लावतात आणि पुलाच्या तोंडाशी डांगरं विकतात. एक घ्या. वडशाहून कुरखेड्याला एसटी नसेल तर काळीपिवळी जीप असते. ती भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. दोन्हीकडे साग, मध्ये वाघापासून सावध राहा असे बोर्ड. आमच्या गाडीत माणसं ज्या रीतीने कोंबली होती ती पाहून वाघानेच सावध राहायला हवं होतं.

कुरखेड्यात कोणालाही शाळा लाईन विचारा, सांगतात. रस्ता साधाच आहे. नाली एका बाजूने वाहते, दुसऱ्या बाजूने विचार करते. या लाईनीचा इतिहास कुठे छापलेला नाही. तो डोमाजीभाऊंच्या तोंडी आहे आणि रोज थोडा बदलतो. डोमाजीभाऊ आमच्या खोलीचे घरमालक, लाईनीतल्या विद्यालयातून चपराशी म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आधी इथे फक्त सरकारी शाळा होती, कवेलूची म्हणजे कौलांची, आणि तिच्या मागे जंगल. शाळेत गुरुजी एक आणि माकडं भरपूर. मग एका पुढाऱ्याला समाजसेवेची इच्छा झाली आणि योगायोगाने त्याची पडीक जमीनही इथेच निघाली. झालं विद्यालय. मग पोरी पोरांपासून लांब शिकल्या पाहिजेत म्हणून कन्याशाळा आली. लांब म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. मग कॉन्व्हेंट आलं. आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे चर्च वगैरे काही नाही, कॉन्व्हेंट म्हणजे टाय. मग डीएडचं कॉलेज आलं, त्या काळात लाईनीत दगड फेकला तर तो होणाऱ्या मास्तरलाच लागायचा. ते कॉलेज बंद पडलं. आता तिथे धानाची पोती ठेवतात. डोमाजीभाऊ म्हणतात, पोती वेळेवर हजर असतात.

इतक्या शाळा आल्यावर इथल्या लोकांनी पुढे स्वतः राहायला घर आणि मागे खोल्यांची रांग असं बांधलं. प्रत्येक खोलीपुढे पडवीत एक चूल. खोल्यांना नंबर नाहीत, गावांची नावं आहेत. भाडं कोणीही भरो, खोली गावाची. पोरं शिकून किंवा न शिकून जातात, त्याच गावची दुसरी येतात. डोमाजीभाऊंच्या वडिलांनी घालून दिलेला नियम एकच: चूल पेटती आहे तोवर खोली त्या गावाची. चूल थंडावली, की दुसऱ्या गावाला द्यायला मालक मोकळा. म्हणून उन्हाळ्यातही कोणीतरी बाई खोलीत मागे राहते.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"आला का? दादानं धाडलं असन."

"चाल, गावाले जाऊ."

"जाते ना. उद्याच जाते. तू इथी राह्य."

मला वाटलं, ऊन मला लागलंय की तिला.

मग तिने सांगितलं. सध्या गावात पुढे जाण्याजोगी एकच पोट्टी आहे, रामदासची मंदा. यंदा सातवी झाली. मंदाला यायचं आहे, आणि रामदास नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, सातवी पुष्कळ झाली, घरी दोन लहान पोरं आहेत, त्यांना सांभाळेल. इकडे डोमाजीभाऊंचा पोरगा पंकज टपून बसलाय. त्याला आमची खोली पाडून अभ्यासिका वाढवायची आहे. नुसती चूल उन्हाळाभरच चालते; जूनपर्यंत आमच्या गावचं पोर आलं नाही तर खोली गेली. आणि एकदा खोली गेली की आमच्या गावाची शाळा कायमची सातवीला संपली.

"मंग रामदासले समजावाले मी जातो," मी म्हणालो.

"तू नोको जाऊ. तो तुह्यंच नाव घेते."

"माह्यं?"

"म्हणते, तुमचा पोट्टा याच खोलीत शिकला अन् आठवीतून पळाला. खोली करून तुमाले का भेटलं?" आईने खडा वेचून फेकला. "तू चूल पेटव. तेवढं जमन."

म्हणजे मी आईला घ्यायला आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी आई मला ठेवून गेली. साडीची पिशवी घेतली, अर्धं तिकीट काढलं आणि निघून गेली. मी दादाला फोन केला. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "बस आता एका जागी."

शाळा लाईनीत सुट्टीचा मुक्काम करायचा असेल तर तिथली दिनचर्या सांगतो. सकाळी डोमाजीभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत पडवीत येतात आणि चुलीकडे पाहतात.

"धूर नाई दिसून राह्यला गा."

"पेटवून राह्यलो, भाऊ. चहा झाला."

"चहावर चूल धरत नाई. भात शिजला पायजे."

"हे कुठी लिहिलं हाये?"

"माह्या बापानं सांगतलं हाये. तुह्या बापानं ऐकलं हाये. लिवाले कोण होता तवा?"

मग मी भात शिजवतो. तळाशी काळा, मध्ये बरा, वर कच्चा. भाऊ झाकण उघडून पाहतात आणि म्हणतात, "चूल झाली म्हणू." त्यांनाही खोली आम्हाला द्यावी असंच वाटत होतं की काय, कळलं नाही. त्यांचं तोंड खर्ऱ्याने भरलेलं असलं की त्यांचं मत कळत नाही.

पंकजचं मत मात्र लाईनीतल्या प्रत्येक विजेच्या खांबावर चिकटवलेलं आहे. तो डीएड झाला तेव्हा भरती बंद झाली, म्हणून आता तो दुसऱ्यांना भरतीला बसवतो. त्याच्या अभ्यासिकेत प्लायवूडचे कप्पे आहेत, कप्प्याला खुर्ची, पंखा आणि एक पोलीस भरतीवाला पोट्टा. बोर्डावर पंकजच्या नावापुढे 'सर' आहे. कोणी म्हणत नाही म्हणून छापून घेतलंय. एका दुपारी मी खोलीत चटईवर पडलो होतो, तर हा टेप घेऊन आत आला आणि भिंत मोजायला लागला. माझ्या अंगावरून टेप नेला.

"पाय जरा वर घ्या ना, दादा."

"माही बी मापं घेऊन राह्यला का?"

"राग नोका मानू. माह्याकडे पोट्टे वेटिंगवर हायेत. तुमच्या गावचं शिकणारं एक तरी पोट्टं हाये का इथी? दाखवा."

"मी हाये ना."

"तुमी?"

"आठवी चालू हाये माही. जरा गॅप पडला."

तो हसला नाही. टेप गुंडाळला, दारात थांबला. "दादा, खरं सांगू का? त्या कप्प्यातल्या पोट्ट्यांतून एखादाच लागते. मले माहीत हाये. पण ते पैसे देऊन बसतात. तुमचं गाव भाड्यात तांदूळ देते."

त्याचं चुकीचं नव्हतं, हाच ताप. खोलीत माझ्या काळातला खिळा, माझ्या काळातलं गळकं कवेलू आणि स्वतः मी, इतकाच आमच्या गावाचा निकाल. संध्याकाळी मी भात आणखी एकदा लावला. भूक नव्हती. धूर दिसावा म्हणून.

सुट्टी संपली. ठेकेदाराचा फोन आला, मी म्हटलं, आई गावाहून यायची आहे. तो म्हणाला, आईसाठीच गेला होतास ना? मी म्हटलं, हो, म्हणूनच. हे हिंदीत समजावून सांगणं फार अवघड आहे, मराठीतही सोपं नाही. त्याने माझ्या जागी दुसरा माणूस लावला.

आई परत आली तेव्हा भर ऊन होतं. मी स्टँडवर गेलो. आधी आई उतरली, मग कंडक्टरच्या मदतीने एक पोतं. मंदा नाही, रामदास नाही. मी म्हटलं, झालं. पण आईने पोत्याला असा हात लावून ठेवला होता की मी काही न विचारता ते खांद्यावर घेतलं.

गावाकडे बिडीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. रोज संध्याकाळी सगळं गाव पत्त्याचे पुडके घेऊन फळीवर, म्हणजे ते विकत घेतात त्या मैदानावर, जमतं. आई रामदासच्या घरी गेलीच नाही. थेट फळीवर गेली.

"म्या सगळ्याईसमोर म्हटलं," आई चालता चालता सांगत होती, "रामदास, तू पोट्टी धाडत नाई ना, मंग डोमाजीले तूच सांगून ये. आमच्या गावाले आता खोली नोको म्हणून. मी म्हातारी, माह्यानं होत नाई."

"मंग?"

"मंग का. त्याची बायको बोलली. सासू बोलली. ज्याईचे पोट्टे अजून रांगतात, त्या साऱ्या बोलल्या. मी त गप बसली."

"अन् रामदास?"

"म्हणे, एक साल पाहतो." तिने पोत्याकडे मान केली. "तांदूळ दिले."

लाईनीत हीच ॲडमिशन. ज्या घरचे तांदूळ खोलीत आले, त्या घरचं पोर जूनमध्ये येतं. आम्ही पडवीत पोतं टेकवलं. डोमाजीभाऊ आले, पोत्यावरूनच चिमटीने दाणा दाबून पाहिला.

"कोणाचे?"

"रामदासचे," आई म्हणाली.

"जाडे हायेत." मग घराकडे तोंड करून ओरडले, "पंकज, टेप ठेव आत."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. गावाला गेलोच नाही. सुट्टी काढून घर न पाहता परतणारा प्रवासी मी एकटाच असेन. मोरबीत दुसऱ्या भट्टीवर लागलो. खर्च विचाराल तर गाडीभाडं आणि एक नोकरी. सोबत काय आलं? शर्टाला धुराचा वास होता, तो दोन धुण्यांत गेला.

जूनच्या शेवटी आईचा फोन आला. मंदा आली होती, आठवीत बसली होती, आणि आठवडाभर रडत होती. आई म्हणाली, "जरा बोल तिच्याशी," आणि फोन देऊन मोकळी झाली. शाळेत टिकून राहण्याबद्दल मार्गदर्शन, वक्ता मी.

मंदा थोडा वेळ नुसतीच नाक ओढत होती. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "काका, तुमी इथून पळून गेलते ना? कोणत्या गाडीनं?"

"सकाळच्या पहिल्या गाडीनं," मी म्हणालो. "पण ती आता बंद झाली."

"अन् दुसरी?"

"दुसरी दुपारी असते. तवा शाळा असते ना तुही."

मग "बरं" म्हणाली आणि फोन आईला दिला. मंदा अजून तिथेच आहे.

गाडी बंद झालेली नाही. उजाडायच्या आत कुरखेडा स्टँडवरून सुटते आणि अर्धी रिकामी जाते. कोरचीच्या बाजूला जायचं असेल तर तुम्हीही तीच धरा, ऊन लागत नाही. फक्त शाळा लाईनीत उभं राहून मोठ्याने तिची चौकशी करू नका.