चढाईला आणखी एक

कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला आमची एकटी मंदाच होती. सरांनी विचारलं, “चढाईला आणखी एखादी मुलगी घ्यायची का?” आम्ही सगळ्या एका सुरात “नको” म्हणालो. मंदा असताना दुसरी कशाला?

तेवढ्यात मंदाच म्हणाली, “घ्या सर. मधली रेषा ओलांडताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.”

मी सुन्न झाले. समोरच्या सातजणींत हसत घुसणारी ही मुलगी घाबरते? एखाद्यावर भरवसा टाकून आपण निर्धास्त होतो. त्याला तो पेलतोय का, हे विचारायचं राहूनच जातं.

“घेऊ या,” सर हळूच म्हणाले. मंदा तिथेच मातीत फतकल मारून बसली आणि खूप दिवसांनी झोप लागावी तसा तिचा चेहरा सैलावला.