माझ्या नडग्या आणि वयनीचं माहेर

पंचमीला माहेरी गेले, की आई भाकरतुकडा घेऊन दारात यायची, ओवाळून टाकायची आणि मगच मला आत घ्यायची. त्या वर्षी ती दारात आली तेव्हा ओवाळायला मी जागेवर नव्हतेच. एस.टी.तून चाकणला उतरले आणि तशीच चालत गावात आले. पिशवी ओसरीवर टाकली, पदर खोचला आणि मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर फेर धरलेल्या पोरींमध्ये घुसले.

माझं वय तेव्हा चाळिशीला टेकलं होतं. यजमान पिंपरीच्या औषधाच्या नव्या कारखान्यात लागल्यापासून आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. तिथं माझं चालणं म्हणजे शेगडीपासून नळापर्यंत. अंगानं मी चांगली भरले होते आणि फुगडी कितीतरी वर्षांत घातली नव्हती. पण हे सगळं अंगाला ठाऊक. मनाला कुणी कळवलं नव्हतं.

"आत्या, तुमी आपलं बसून गाणी म्हना," एक परकरी पोर म्हणाली. "फुगडी घालायला तरण्या हायेत की."

एवढं पुरलं. तिचेच हात धरले आणि अशी गरगरवली की शेवटी तीच "पुरे, आत्या, पुरे" करून ओरडली. पोरी टाळ्या पिटायला लागल्या. टाळ्या ऐकल्या की माझं काही खरं नसतं. मग झिम्मा झाला, पिंगा झाला आणि लोक बघतायत म्हणून बसफुगडीसुद्धा झाली. उकिडवं बसून एकेक पाय पुढं फेकायचा, तोही दगडी फरशीवर. घरी आले ती विजयी मुद्रेनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. मांड्या दगडाच्या झाल्या होत्या. जात्यावर बसता येईना, बसलं तर उठता येईना. खांबाला धरून उठताना माझ्या तोंडून असा आवाज निघाला की गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली.

"आज खेळायला जाऊ नगा, वन्सं," वयनी म्हणाली. वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्याहून वयानं लहान, पण घर सगळं तिच्या हातावर चालायचं. "अंग जरा मोकळं हू द्या. मग हळूहळू खेळा."

"खेळून धरलेलं अंग खेळूनच सुटतं," मी ठणकावलं आणि लंगडत फरशीवर गेले. झिम्म्याच्या उड्या जास्तच मारल्या. अंग सुटलं नाहीच, उलट संध्याकाळी नडग्या धरल्या. गुडघ्याखाली पुढच्या हाडावर अंगठा ठेवला, की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

मग मी अंथरूण धरलं आणि खरं सांगायचं तर थाटात धरलं. माहेरी आजारी पडण्याची मजा ज्या बाईला ठाऊक आहे तिला सांगायला नको. पिंपरीला मी कण्हले असते तर ऐकणार कोण? यजमानांची शिफ्ट, मुलांची शाळा. इथं एकदा "आई गं" म्हटलं की आई, वयनी दोघी धावत यायच्या. दुखत होतं हे खरं. पण जेवढं दुखत होतं त्याच्या दुप्पट मी कण्हत होते. शेजारणी बघायला आल्या की तिप्पट.

वयनी बिचारी पायाशी बसायची. तेल कोमट करून पोटऱ्या चोळायची. नडगीच्या हाडावर मात्र जोर द्यायची नाही, नुसती बाजूनं बोटं फिरवायची. तव्यावर मीठ भाजून पुरचुंडीनं मांड्या शेकायची. आमच्याकडं कांद्याला काय तोटा? चुलीत कांदा भाजून, त्यावर हळद घालून पायाला बांधायची. पाय चोळता चोळता तिच्या माहेरच्या गोष्टी चालायच्या. तिचं गाव भामा नदीच्या पलीकडं. गेल्या पंचमीला बाळंतपण आलं, त्याच्या आधी सासऱ्यांचं दुखणं. यंदा मात्र तिचा भाऊ न्यायला येणार होता.

"आयनं माझ्यासाठी झोका बांधून ठिवलाय म्हनं," ती म्हणाली. "आता मी काय झोक्यावर बसायची हाय का?" आणि हसून तिनं माझा पाय अलगद खाली ठेवला. तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. मी डोळे मिटून सुख घेत होते.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा भाऊ आला. धोतर मांडीपर्यंत भिजलेलं.

"मावशी, लगेच निघावं लागंल," तो ओसरीवरूनच आईला म्हणाला. "नदीला पानी चढतंय. बैल आत्ता उतरले, दुपारनंतर उतरत्याल असं वाटत न्हाई."

आईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मग शांतपणे म्हणाली, "पावनं, औंदा न्हाई जमायचं. ही माझी लेक हातरुनाला खिळलीय. नणंद अशी पडल्यावर सुनंनं म्हायेरी जायचं व्हय? गाव काय म्हनंल?"

त्यानं धोतराचा भिजलेला सोगा पिळला. मुराळी म्हणून आलेल्या माणसानं बहिणीच्या सासूपुढं बोलायचं तरी काय?

वयनी आतल्या खोलीत आली. मी तिथंच पडले होते. कोपऱ्यात तिचं गाठोडं बांधून तयार होतं. ती खाली बसली, गाठ सोडली आणि त्यातलं नवं लुगडं काढून घडी न मोडता फळीवर ठेवलं. मग बाळाची अंगडी ठेवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्याकडं रागानं बघणंही नव्हतं. उलट म्हणाली, "वन्सं, कांदा गार झाला आसंल, बदलते."

एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण तो शब्द बोलायचा म्हणजे दोन दिवसांचं माझं सगळं नाटक पडणार. आई काय म्हणेल, शेजारणी काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात. तिनं खरोखर नवा कांदा भाजून आणला आणि माझ्या पायाला बांधायला घेतला. बांधताना तिच्या बांगड्या माझ्या घोट्याला लागल्या, आणि मला माझीच अशी शिसारी आली की मी पाय ओढून घेतला.

"दुखलं का?"

"न्हाई," मी म्हटलं आणि उठले.

ओसरीवर गेले तेव्हा चेहऱ्यावर हसू चिकटवलेलं होतं. "आये, वयनीला कशाला आडवतीस? मला काय धाड भरलीय?"

"आगं, सकाळधरनं कन्हतीयास की!"

"कन्हायची सवय लागलीय. अन् आसं बघ, उद्या पंचमी. उद्या चुलीवर तवा चढायचा न्हाई, काई भाजायचं न्हाई, काई चिरायचं न्हाई. मग मीठ कशात भाजनार? शेकायचंच नसंल तर वयनी हितं ऱ्हाऊन करनार काय?"

आई क्षणभर अडली. पण माझी आईच ती. "अन् पुरनाची दिंडं कोन करील?"

"मी करीन."

"तुला उकिडवं तरी बसता येतंय का?"

आता बोलून भागण्यासारखं नव्हतं. दारात आलेल्या वयनीचे हात धरले आणि अंगणात ओढलं. "वन्सं, नगा," ती कुजबुजली. मी ऐकते कशाला? पाय जुळवले, मागं रेलले आणि फुगडी धरली. पहिल्याच गिरकीला नडग्यांतून कळ आली ती थेट दाढेत गेली. पण मी गाणं म्हणत होते, तेही खड्या आवाजात. वयनीचा भाऊ बैलांकडं बघत उभा होता. बायकांच्या फुगडीकडं बघायचं नाही, पण हसूही आवरेना, अशी त्याची गत. शेवटी मी खाली उकिडवी बसूनही दाखवलं. उठताना कुणाचा हात घेतला नाही. कसा घेतला नाही, ते मलाच ठाऊक.

आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जा गं पोरी. पंचमी करून ये."

गाठोडं पुन्हा बांधायला वयनीला वेळ लागला नाही. निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली आणि डोकं टेकता टेकता तिचा अंगठा माझ्या नडगीवरून हलकेच फिरला. मी श्वास आत ओढला. तिनं वर बघितलं.

"जाऊ का?" एवढंच विचारलं.

"जा. मागं बघू नगंस."

गाडी वळणाआड गेली आणि मी ओसरीच्या खांबाला धरून हळूहळू खाली सरकले. आई शेजारी येऊन उभी राहिली.

"फुगडी घालता येत व्हती," ती म्हणाली, "तर ती गाठोडं सोडत व्हती त्या वक्ताला का न्हाई उठलीस?"

मी नडग्यांवर पदर ओढून घेतला.

आईनं विहिरीचं गार पाणी आणून माझ्या पायांवर ओतलं. मग सुनेच्या वाटणीची कामं करायला आत गेली. म्हशीचं बघितलं, पाणी भरलं, कमरेवर हात ठेवत झाडलोट केली. मी बसून बघत होते आणि दर थोड्या वेळानं आभाळाकडं मान वळवत होते. वर डोंगराकडं काळं झालं होतं. नदीवरूनच परत आली तर? तो विचार आला, की नडग्यांचं दुखणं चक्क विसरायला व्हायचं.

दिवस कलताना नदीच्या अंगाचा एक गाडीवान रस्त्यानं गेला. आईनं त्याला हाक मारून विचारलं.

"उतरले की," तो म्हणाला. "चाकाच्या आखापत्तर पानी व्हतं. पोराला खांद्यावर घिऊन बाई गाडीत उभीच व्हती. जरा उशीर झाला असता तर माघारी यावं लागलं असतं."

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. आत जाऊन पुरणाची शिजलेली डाळ आणि पाटा-वरवंटा माझ्यापुढं आणून ठेवला. मी पाय लांब पसरले, वरवंटा हातात घेतला आणि मुकाट्यानं वाटायला लागले.