गव्हाशी वाकडं

जेवायला बसले की मास्तर पोळी येण्याआधीच पानावर तळहात आडवा धरायचे. "पोई नको. भाकर असन त आना."

ही साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याला आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. मास्तर तेल्हाऱ्याकडचे, शेतकरी घरातले, एकटे राहणारे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला बोलावणी भरपूर आणि सोबत कुणाचीच नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. आतड्याला आतून बारीक लव असलेलं अस्तर असतं. खाल्ल्यातलं काय आत घ्यायचं, किती पाणी सोडायचं, हे ते आपलं आपणच ठरवतं. झिजलं की स्वतःच नवं होतं. मास्तरांची ही लव गव्हानं झडायची, मग खाल्लेलं अंगी लागायचं नाही. गहू सोडला की ती परत उगवायची. "पोटात मखमल हाय बावा माह्या," ते म्हणायचे, "पन गव्हाशी तिचं वाकडं हाय."

त्यामुळे लग्नाच्या पंगती सुटल्या. स्वतः भाकर थापायची, खोलीत एकट्यानं खायची. मुलगी पाहायला गेले, तिथेही पोळीला नाही म्हणाले. सोयरीक मोडली.

आम्हाला बौद्ध होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्याकडे पोळी सणालाच व्हायची. मास्तर पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा आईनं शेजारून गव्हाचं पीठ मागून आणलं. आणि मास्तरांचा हात आडवा झाला.

आईचा चेहरा पडला, मग ती भडकली. "आमच्या हातचं चालत नाई, असं सिधं सांगा ना मंग!"

"माय, कोनाच्याच हातची पोई चालत नाई मले."

तिला ते खरं वाटेना. मास्तरांनी सकाळची शिळी भाकर मागून घेतली, चुनासोबत, म्हणजे बेसनाच्या पिठल्यासोबत, चाटूनपुसून संपवली, तेव्हा कुठे ती हसली.

पण तिचा तो पडलेला चेहरा मास्तरांच्या मनातून गेला नाही. आमच्या वस्तीत कुणा विद्यार्थ्याच्या घरी बोलावलं की ते मुकाट पोळी खाऊ लागले. मी चिडायचो. "तुमी त्यायले सांगत काहून नाई?"

"सांगतलं त बहाना वाटते रे. लोकायनं लय बहाने सांगतले त्यायले आतापर्यंत."

लव उगवायला सवडच मिळेना. मास्तरांचे सदरे सैल होत गेले. एका उन्हाळ्यात ते गावी गेले आणि तिथेच वारले.

तेरवीला आई आणि मी त्यांच्या गावी गेलो. पंगत अंगणात बसली. आम्हा दोघांना मात्र वेगळं, गोठ्याजवळ बसवलं. वाढणाऱ्यानं पोळ्या वरूनच टाकल्या. मास्तर असते तर स्वतःचं पान उचलून आमच्या शेजारी येऊन बसले असते. मला त्या वेळी ते फार हवे होते.