लेन्सच्या डबीतला झेंडू

नळदुर्गच्या काकांनी ती लेन्स माझ्याकडं दिली तेव्हा पितृपक्ष संपायला दोन दिवस होते. काका माझ्या नात्यातले नव्हेत. धाराशिवला स्टुडिओ टाकण्याआधी चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, आणि मोठ्या लाकडी कॅमेऱ्याचं जे काही येतं ते त्यांच्याचकडून शिकलो. शाळेतल्या पाटीएवढी निगेटिव्ह निघणारा तो कॅमेरा त्यांच्याकडं अजून चालू आहे. त्याची फिल्म आता मिळत नाही, म्हणून दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म अंधारात कापून ते वापरतात.

लेन्सच्या आतलं शटर अडकत होतं. एका सेकंदावर लावलं की तीन सेकंद उघडं राहायचं. काकांचे हात आता कापतात, त्यामुळं एवढं बारीक काम त्यांच्याच्यानं होत नव्हतं. लेन्स माझ्या हातात देताना ते म्हणाले, "काकूच्या हातात नळ्या घालायच्या आत एक मोठा फोटो काढायचाय. नवरात्रात कवाबी काढू."

काकूंची किडनी गेली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी दसऱ्यानंतर डायलिसिस सुरू करू म्हणून सांगितलं होतं. काकांनी चाळीस वर्षं आख्ख्या तालुक्याचे फोटो काढले, नवरानवरीचे, सरपंचांचे, बैलजोड्यांचेसुद्धा; पण बायकोला त्या कॅमेऱ्यासमोर एकदाही बसवलं नव्हतं. आज काढू, उद्या काढू म्हणत राहून गेलं. आता त्यांना घाई झाली होती आणि ती घाई त्यांनी माझ्या हवाली केली होती.

काम अवघड नव्हतं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाची टोकं कानसून मी हत्यार केलंय, त्यानं रिंग फिरवली. पुढची काच सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून उघडली. शटरच्या पात्यांवरचं जुनं तेल लायटरच्या पेट्रोलनं धुतलं आणि पाती दोन दिवस वाळू दिली. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला शटर चोख बसलं. त्याच दिवशी एसटी धरून नळदुर्गला जायला हवं होतं.

गेलो नाही. खरं सांगायचं तर मला त्या लेन्सचा मोह सुटेना. खंडेनवमीला आमच्याकडं ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. शेतकऱ्याचा विळा, सुताराची करवत आणि माझ्यासारख्याचा कॅमेरा. माझ्या पूजेत दरवर्षी दोन डिजिटल कॅमेरे आणि एक प्रिंटर असतो. त्यांच्या मधोमध ही पितळी लेन्स ठेवली तर काय शोभा येईल, हेच डोक्यात. पाचव्या माळेला काकांचा फोन आला. मी बेधडक सांगितलं की एक पार्ट पुण्याहून यायचाय, चार दिवस लागतील. काका बरं म्हणाले.

खंडेनवमीला पूजा झाली. लेन्सचं झाकण काढून ठेवलं होतं, कारण देवाला काय आणि हत्याराला काय, तोंड झाकून कोणी पूजत नाही. हळदकुंकू मात्र मी लांबून पितळेलाच लावलं. काचेला लावण्याइतका मी अडाणी नाही, असं बायकोला ऐकवलंसुद्धा. मग पूजेतलं एक झेंडूचं फूल उचललं आणि काकूंना आशीर्वाद म्हणून लेन्ससोबत तिच्या मखमली डबीत ठेवलं. फुलावर शिंपडलेलं पाणी होतं. डबी घट्ट बंद केली आणि कपाटात ठेवून दिली. लेन्सच्या डबीत कापसाचा बोळासुद्धा ठेवू नये, हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

दसऱ्यानंतर परतीचा पाऊस लागला. पाठोपाठ कसल्याशा भरतीचे फॉर्म निघाले आणि पासपोर्ट फोटोला रांग लागली. काकांचा पुन्हा फोन आला, मी पुन्हा पुण्याचं नाव सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त "व्हय का" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन आलाच नाही. रोज दुकान उघडताना वाटायचं, आज येईल. तो येत नव्हता म्हणून सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्याच्याच भीतीनं जेवण जायचं नाही. मी फोन करावा, तर काय बोलणार?

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा डबी काढली. झाकण उघडताच ओलसर, कुबट वास आला. फूल काळं पडून मखमलीला चिकटलं होतं. लेन्स उजेडासमोर धरली. आतल्या काचेवर पांढरे धागे पसरले होते, एका कडेकडून मधल्या भागाकडं निघालेले. ही बुरशी नुसती काचेवर बसत नाही, काच खाते. आणखी दोन आठवडे राहिली असती तर लेन्स गेलीच होती.

दिवाळीचे चारही दिवस त्यात गेले. बाहेर फटाके, घरात पाहुणे आणि मी आतल्या खोलीत पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या वासात. कापूस ओला करायचा, मधून कडेकडं एकदाच हलक्या हातानं फिरवायचा आणि फेकून द्यायचा. दाबलं तर ओरखडा पडतो. बायकोनं दोनदा विचारलं, एवढं काय अडलंय? मी तिच्यावर खेकसलो. चूक माझी आणि राग तिच्यावर, ही माझी जुनी सवय. शेवटी काच साफ झाली. कडेला नखाएवढा फिकट डाग राहिला, पण त्यानं फोटोत काही फरक पडणार नव्हता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नळदुर्गला उतरलो. काकांच्या ओसरीत कॅमेरा तिकाटण्यावर उभा होता, वर काळं कापड टाकलेलं. कापडावर धूळ बसली होती. दसऱ्यापासून तो तसाच उभा असल्याचं शेजारचा कोणी मला सांगून गेला. काकांनी लेन्स घेतली, बॅटरी लावून आतून पाहिली. मग डबी उघडली आणि मखमलीतून झेंडूची वाळलेली पाकळी चिमटीत धरून बाहेर काढली. ती माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग काकू बाहेर आल्या. नवी साडी नेसल्या होत्या. डोळ्यांखाली एवढी सूज होती की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. हाताला नस सापडली नव्हती, म्हणून नळी मानेत घातली होती. तिच्यावरची पट्टी त्या पदरानं पुन्हा पुन्हा झाकत होत्या. डायलिसिस सुरू होऊन दोन आठवडे झाले होते.

काकांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि काळ्या कापडाखाली शिरले. फार वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. फोकस झाला की शटर मिटायचं, मागून फिल्मची चौकट आत सरकवायची, फिल्म झाकणारी तिची पट्टी खर्रकन ओढायची आणि मग शटर सोडायचं, हा क्रम. चौकटींची काळी पिशवी माझ्या पायाशी होती. मी एक काढून पुढं केली. काकांनी नुसती मान हलवली, नको. कॅमेऱ्यात काहीच न घालता त्यांनी शटर सोडलं. ते बरोबर एक सेकंद चाललं आणि मिटलं. काकू तोवर श्वास रोखून ताठ बसल्या होत्या.

"झाला," काका म्हणाले आणि परसात निघून गेले.

मी चौकट पिशवीत ठेवत होतो, तेव्हा काकू खुर्चीवरूनच मला जवळ बोलावून हळू आवाजात बोलल्या. "फिल्मची पट्टी वढल्याचा आवाज आला न्हाय. चाळीस वर्सं ऐकलाय म्या त्यो. त्यांना सांगू नको, मला कळलंय म्हून."

मी कसंबसं म्हटलं, काकू, मी चौकट घालून एक काढतो, आत्ताच.

"राहू दे. हे तोंड मागं ठिवून काय करायचं?" त्यांनी पदर मानेवर ओढून घेतला. "दसऱ्यापत्तर बरी दिसत हुते. लई वाट बघितली रे तुजी."