अल्फारेटातलं अथेन्स

सगळ्यांच्या भल्यासाठी आपण काही सुरू केलं, की त्याचे किस्से आपल्याच नावावर जमत जातात. अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आमच्या छोट्या मराठी मंडळात २००३ साली मीच उठून म्हटलं होतं, "कमिटी कशाला? प्राचीन अथेन्समध्ये लोक एकत्र जमून, हात वर करून निर्णय घ्यायचे."

नागपूरचे देशमुखकाका म्हणाले, "अन् तिथं चहा कोण करायचं?"

तरीही प्रस्ताव पास झाला.

*

अथेन्सच्या कोर्टात भाषणाची वेळ पाण्यावर मोजत. मी दह्याचा रिकामा डबा तळाला भोक पाडून आणला. पाणी संपलं की बोलणं बंद.

पहिल्याच सभेत शिरीषचं पाणी संपलं. शिरीष पुण्याचा, आवाज गोड. त्याने सभेलाच विचारलं, "थांबू?"

"बोल यार."

पुढच्या वेळी डबा कुणी भरलाच नाही.

*

मला धास्ती वाटू लागली. एका सभेत मी सांगितलं, की गोड बोलून लोकांना भडकवणाऱ्या पुढाऱ्यांनी अथेन्सचं वाटोळं केलं.

शिरीष उठला. "अगदी बरोबर. अशा माणसांपासून आपण सावध राहायला हवं."

टाळ्या त्याला पडल्या.

*

जोशीकाकू नऊ वर्षं दर रविवारी मुलांना मराठी शिकवायच्या, आमच्या सभेच्या शेजारच्याच खोलीत. त्यामुळे त्या सभेला कधीच नसायच्या.

"मुलं रडत येतात," शिरीष म्हणाला. "आपण आपल्याच मुलांना शिक्षा करतोय." त्याचा आवाज भरून आला. भिंतीपलीकडे बाराखडी चालू होती.

वर्ग बंद करायला चौतीस हात वर झाले. त्यातला एक माझा.

*

अथेन्सने एकदा एका बंडखोर शहरातले सगळ्या पुरुषांना मारायचं ठरवून जहाज पाठवलं. दुसऱ्या दिवशी पस्तावून पुन्हा मतं घेतली आणि ते थांबवायला दुसरं जहाज सोडलं. वल्ही मारता मारताच खलाशी जेवले, आणि जेमतेम वेळेत पोचले.

सोमवारी मी सगळ्यांना फोन केले. संध्याकाळी सभा झाली, निर्णय फिरला. शिरीष शांतपणे म्हणाला, "कालचा निर्णय काकूंना मी सकाळीच कळवलाय."

एका हातात सँडविच धरून मी काकूंच्या घराकडे ड्राइव्ह करत सुटलो.

काकू अक्षरांचे तक्ते खोक्यात भरत होत्या.

"काकू, कालचा निर्णय कॅन्सल. सगळ्यांनी तुमच्या बाजूने हात वर केले."

"काल विरुद्ध केले होते, तेच?"

"हो."

"तुझाही होता?"

"होता."

काकूंनी खोक्याला टेप लावली.

"पुढच्या रविवारी भाषण कुणाचं आहे?"